सुगनची ओळ
लाडकुंवर आणि धाकटी बहीण सुगन जळगावात जोडीनंच गात. एक ओळ हिची, पुढची तिची. संगीत महाविद्यालयांच्या प्रवेशचाचण्या बडोदा, पुणे, ग्वाल्हेर तिन्ही ठिकाणी द्यायच्या, हे सुगननंच ठरवलं होतं. सदुसष्टच्या उन्हाळ्यात विषमज्वरानं ती गेली. तरी वडील मांगीलाल दुकान बंद ठेवून लाडकुंवरला बडोद्याला घेऊन आले. परीक्षकांनी भजन म्हणायला सांगितलं. पहिली ओळ संपली आणि सवयीनं ती थांबली. "पुढं म्हणा," परीक्षक म्हणाले. तिनं सुगनची ओळ पहिल्यांदाच स्वतः गायली. बाहेर आल्यावर मांगीलाल म्हणाले, "आता पुण्याची गाडी धरू." "नको, बापूजी. एकच पुरे." "इथं नाव लागलं नाही तर?" "तरी नको. तिची ओळ मला पुन्हा गाता येणार नाही." मांगीलालनी मान फिरवली. "मला बाहेर वाटलं, सुगनच गातेय," ते म्हणाले. "चल, घरी जाऊ."