कबुतरांविना रविवार

"पपा, आई की कबुतरं, एकदाचं ठरव," वेर्ले म्हणाली आणि ब्रसेल्सला निघून गेली.

ओमेरने ठरवलं. शर्यतीची तेवीसच्या तेवीस कबुतरं त्याने लिंबुर्गच्या स्टाफ नावाच्या कबुतरवाल्याला देऊन टाकली. अट एकच. बाहेर सोडायची नाहीत, नुसती पिल्लं काढायची. सोडली की ती सरळ ओमेरच्याच छपरावर येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. स्टाफने शब्द दिला.

पहिला रविवार.

बायकोची, जॉर्जेटची, खाट आता पुढच्या खोलीत होती. मार्चमध्ये तिचे पाय गेले ते गेलेच. ओमेर खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला. एरवी रविवारी जेवण झालं की तो मागच्या अंगणात. मान वर. शेवटचं कबुतर येईपर्यंत.

"वारा कुठला आहे आज?" जॉर्जेटने विचारलं.

"असू दे कुठलाही. उशी नीट आहे ना?"

"आहे."

"सूप?"

"आत्ताच पाजलंस, ओमेर."

बिचारी, आपल्यासाठी वाऱ्याची चौकशी करते. त्याने खुर्ची आणखी जवळ ओढली.

दुसरा रविवार.

"मागे जाऊन ये जरा. ढाबळ झाडायची असेल."

"रिकामी ढाबळ काय झाडू?"

"मग क्लबात जा. बिअर घे. लोक तुझं थोबाड विसरतील."

"आता तूच बघ माझं थोबाड. इतक्या वर्षांची भरपाई."

तिने मान भिंतीकडे वळवली. कूस वळवता येत नव्हती. ओमेरने पांघरूण नीट केलं. मग पुन्हा एकदा नीट केलं.

तिसरा रविवार.

पंख वाजले.

ओमेर खिडकीशी गेला. छपरावर सात. मग बारा. मग सगळीच. त्याने पडदा ओढून घेतला.

"जा ना," जॉर्जेट म्हणाली. "अरे, जा की!"

"नाही. तुला सोडून नाही."

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "स्टाफ! शब्द दिला होतास ना मला?"



"मी नाहीच म्हणत होतो, ओमेर. पण गुरुवारी तू बाजारात गेलेला असताना तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती. म्हणाली, चाळीस वर्षं रविवारची दुपार माझी एकटीची होती, तेवढी मला परत द्या."