कपाटामागची भिंत

बाहेरची खोली भडक राणी रंगाने रंगवायची, हा हट्ट सुनेचा. "अगं, डोळे दिपतील!" म्हणणाऱ्या सासऱ्यांनाच ब्रश हातात येताच जास्त चेव चढला. तीन डब्यांतले रंग बादलीत कालवून सुनेने ती छटा जमवली होती. लोखंडी कपाट हलवायचा मात्र सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून त्याच्याभोवतीच ब्रश फिरवून मोकळे झाले.

चौथ्या दिवशी नणंदेला राहवेना. "वहिनी, आपला आळशीपणा कुणीतरी पकडणार हं!" दोघींनी रेटून कपाट सरकवलं.

मागची भिंतही राणी रंगाची होती. अगदी तीच छटा, आणि बोट लावलं तर ओली.

"बाबा, गुपचूप रंगवलंत ना?" नणंद खिदळली.

"मी? माझी कंबर धरलीय चार दिवस!"

मधोमध तेवढी पांढरी जागा उरली होती. तिथे कुणी उभं असताना त्याच्याभोवतीच ब्रश फिरवावा, तशी. वर अंबाडा, कमरेवर एक हात.

"अय्या वहिनी, ही तर तूच!"

सून खळखळून हसली. तिचा हात खरंच कमरेवर होता. तो खाली घ्यावा, असं तिच्या मनात आलं.

भिंतीवरचा हात आधी खाली गेला.