दादाचे शर्ट

टाके उसवायच्या चिमुकल्या हत्याराने आई शर्टाची बटणं काढत होती. बोटांत जोर उरला नव्हता, पण याने टाका अलगद निघायचा. मग बटणाच्या जागी ती मशीनवर वेल्क्रोची पट्टी शिवायची.

माहेरी आलेली मुलगी शर्टांचा ढीग बघून हसली. "दादाचे सगळेच शर्ट काढलेस की! जन्मभर त्याची बटणं तूच लावत आलीस ना?"

"त्याला बटणं जमत नाहीत, पट्टी दाबता येते. सकाळीच बघितलं मी."

पलंगावर बसून दादा पट्टी उघडत होता, मिटत होता, आणि दर वेळी त्या फर्र आवाजाला खुदकन हसत होता. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"अगं, पण एवढी घाई कसली?"

"काल माझे रिपोर्ट आले." आईने मान वर केली नाही. "डॉक्टर म्हणाले, हाताशी फार दिवस नाहीत."

मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि वाट बघत राहिली. 'मी आहे ना', एवढंच तिला ऐकायचं होतं.

मुलीने डोळे पुसले. ढिगातला एक शर्ट मांडीवर ओढला.

"आई, बटणं काढायला छोटी कात्री कुठे ठेवतेस गं?"