जमीन-अस्मानाचा फरक

नवं ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या हाताने बसवल्यापासून आमच्या ह्यांचे पाय जमिनीला टेकेनात. येईल त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून तीच टेप लावायचे, "चित्र बघा, जमीन-अस्मानाचा फरक पडलाय." मला काहीच फरक दिसत नाही म्हटलं, तर सासूबाईंसमोर म्हणाले, "तुला नाही कळायचं. त्याला नजर हवी."

आज कॉम्प्युटरमागची धूळ पुसायला वाकले. स्क्रीनची वायर जुन्याच जागी खोचलेली होती. नव्या कार्डाला काहीच जोडलेलं नव्हतं; त्याच्यावरचं प्लास्टिकचं टोपणसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. मी धूळ तेवढी पुसली.


संध्याकाळी माझा भाऊ आला, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मीच म्हटलं, "अहो, दादाला दाखवा ना तो फरक."