डोंगरावरची फुली

पुढच्या आठवड्याच्या पक्षिसहलीचा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून वाटाड्यानं खालच्या जंगलापाठोपाठ डोंगरावरही फुली मारली. “तिथंही काही उरलं नाही. दोन वर्षांत एक बारीक शीळ कानावर पडली नाही. पाहुण्यांना काय दगडधोंडे दाखवू?” पंचवीस वर्षं त्यानं कानांच्या जिवावर घर चालवलं होतं; पान हलायच्या आधी तो पक्ष्याचं नाव सांगायचा. मुलीनं त्या फुलीवर बोट ठेवलं. “बाबा, मी काल गेले होते डोंगरावर. आवाज टिपून आणलेत.” तिनं फोन टेबलावर ठेवला. “लाव की मग.” “लावलेत.” “मोठा कर.” “याहून मोठा होत नाही.” त्यानं फोन उचलून कानावर दाबला, मग दुसऱ्या कानावर, पुन्हा पहिल्यावर. “बिघडलाय तुझा फोन,” तो म्हणाला. खिडकीत झोपलेलं मांजर केव्हाच उठून, कान टवकारून त्याच्या हाताकडे टक लावून बघत होतं.