चौथ्या वाढदिवसाचा फोटो

खारूताईने तोंड उघडलं आणि तिच्या बाबाचा पाय हलायला लागला. एरवी पाय हलवणाऱ्यातला तो नव्हे. तासन्‌तास खुर्चीला चिकटून बसणं हाच त्याचा धंदा. पण समोर त्या लांबलचक खुर्चीत सव्वाचार वर्षांची पोर उताणी पडलेली, डावा गाल सुजून लिंबाएवढा झालेला, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडात आरसा घालून वाकलेल्या. बायको खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभी होती. त्याने पाय दाबून धरला, तर हात चुळबुळ करायला लागले.

तो एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायचा. असा हात सगळ्या शहरात दुसरा नाही, असं मालक म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून पटलेलं होतं. मुरमं, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पानतंबाखूने रंगलेली बत्तिशी, सगळं चुटकीसरशी गायब. डाव्या हातात चहाचा कप, तोंडाने गप्पा, आणि उजव्या हाताखालचा माउस आपला आपण चालायचा. डाग दिसला की पुसला. मेंदूला विचारायची गरजच उरली नव्हती. शनिवारी बालवाडी लवकर सुटली की खारूताई त्याच्या मांडीवर बसून हे बघायची. पडद्यावरच्या काकांचा फोड नाहीसा झाला की टाळ्या वाजवून म्हणायची, काका बरे झाले. तोही म्हणायचा, झाले बरे, चला, पुढचे कोण?

दात दाखवायचं आजवर टाळलं होतं ते त्यानेच. बालवाडीतून दर सहा महिन्यांनी चिठ्ठी यायची. बायको मागे लागायची. याचं उत्तर ठरलेलं: दुधाचे दात ते, आज ना उद्या पडणारच, त्यांची एवढी बडदास्त कशाला? गेल्या खेपेला ती हट्टालाच पेटली तेव्हा त्याने भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. खारूताईच्या चौथ्या वाढदिवसाचा फोटो. पोरगी पडजीभ दिसेल अशी खदखदून हसलेली, आणि एकेक दात मोत्यासारखा. यात तुला किडलेलं काय दिसतंय ते सांग, असं त्याने विचारलं होतं. बायकोने फोटो नीट पाहिला आणि ती गप्प बसली. तोच फोटो पुढे तिने आपल्या मोबाइलमध्ये घेतला.

आता डॉक्टरीणबाईंनी आरसा बाहेर काढला. खालची दाढ आतून पोखरली होती, मुळाशी पू झाला होता. काळा डाग पहिल्यांदा कधी दिसला, असं त्यांनी विचारलं. कधीच नाही, बायको म्हणाली, आणि तिने मोबाइलमधला चौथ्या वाढदिवसाचा फोटो पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला. ती दाढ हसण्यात स्वच्छ दिसत होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा तीन महिन्यांपूर्वीचा?" त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत चांगली दाढ अशी जात नाही."

मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की उगाच घाबरवायचं नाही, पण हे खरं असेल तर दुखणं दाताचं नाही, दुसरं काहीतरी आहे. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात जा, रक्ताच्या तपासण्या करा, कदाचित ठेवूनही घेतील. दाढेचं नंतर बघू. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. बायकोने लेकीचा पाय घट्ट धरला.

तो दिवस त्याला आठवला. चहा, गप्पा, घाई, मांडीवर खारूताई, आणि पडद्यावर तिचंच मोठं उघडलेलं तोंड. कोपऱ्यात तिळाएवढं काळं काहीतरी. बोट चाललं होतं. एवढंच आठवत होतं, पण तेवढं पुरे होतं. गप्प बसलं तर पोरीला नाही नाही त्या सुया टोचणार. बोललं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं?

"लिहू नका, डॉक्टर," तो म्हणाला. "फोटोत डाग होता. मीच पुसला."

मुद्दाम नाही, सवयीने, हात आपोआप चालतो, असं तो बराच वेळ बोलत राहिला. त्याचं त्यालाच ते लंगडं वाटत होतं.

"आणि मला तोच दाखवलात," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी फाडली. हॉस्पिटल टळलं होतं, पण त्या बोलल्या ते चांगलंच झोंबलं. ही दाढ आणखी पाच-सहा वर्षं तोंडात राहायला हवी, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तीच राखते. तेव्हाच आणली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. आता मुळापर्यंत जावं लागेल, आणि वाचेलच असं सांगता येत नाही. यापुढे दर सहा महिन्यांनी यायचं, दुखो वा न दुखो. तो नुसता मान हलवत राहिला.

मग त्या खारूताईकडे वळल्या. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी लाडाने विचारलं. हॅपी बर्थडेपासून, ती म्हणाली.

"अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" आईने विचारलं.

खारूताईने बाबाकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार अशी काहीच नव्हती.

"बाबांनी तेव्हाच बरी केली ना ती," ती म्हणाली. "मी दुखायचं थांबायची वाट बघत होते."