नवी झिलई

"ताई, डोळे मीट. मीट गं! चोरून बघायचं नाही."

मार्लिसने डोळे मिटले. तिच्या लेकीच्या, टॅन्सीच्या, दुसऱ्या वाढदिवसाचा केक अजून कापायचा होता. मांडीवर काहीतरी जड, थंडगार येऊन बसलं.

डोळे उघडले, तर बाबांचं रिव्हॉल्व्हर. आरशासारखं चकचकीत, निळंकाळं.

"तू विकणार म्हणालीस ना? म्हटलं, जरा रूप आणू त्याला," व्हर्लिन, तिचा धाकटा भाऊ, फुशारून म्हणाला.

शेरीफच्या कचेरीतल्या नोकरीत बाबांनी ते तीस वर्षं कमरेला वागवलं होतं. कातडी म्यानात घासून नळीचं टोक पांढरं पडलेलं, अंगठ्याच्या जागची झिलई उडालेली. बंदूकवाले ऑस्बी फोनवर म्हणाले होते, "पोरी, कोणाला हात लावू देऊ नकोस. ती झीज हीच त्याची किंमत. मूळ झिलई असेल तर तीन हजार डॉलर देईन. नवी चढवलेली असेल, तर सातशे."

तीन हजार म्हणजे टॅन्सीच्या कानांचं ऑपरेशन. हाक मारली तरी पोर वळून बघत नव्हती.

"अरे, काय करून बसलास हे!"

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक, ताई? मला वाटलं, नवं दिसलं की जास्त येतील."

चूक तिचीही होतीच. टॅन्सी चालायला लागली त्याच दिवशी घाबरून तिने रिव्हॉल्व्हर व्हर्लिनच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिलं होतं. तिने ते उलटं करून बघितलं. अक्रोडाच्या मुठीवर तो खड्डा तसाच होता. बाबांनी एकदा हातोडी सापडेना म्हणून कुंपणाचा खिळा त्या मुठीनेच ठोकला होता. त्या खड्ड्यावर बोट ठेवून ती रडली, आणि मग तिनेच भावाला केक भरवला.

आठवड्याने ती ऑस्बींच्या दुकानाकडे निघाली, तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "माझ्याकडे दे. बिलिंग्ज शहरात नेऊन विकतो. तो ऑस्बी म्हातारा बोलून बोलून जीव खातो."

"मी त्यांना शब्द दिलाय."

मग त्यानेच ट्रक काढला. दुकानासमोर मात्र तो उतरला नाही. "पोरीला बंदुकांत कशाला नेतेस? आम्ही बसतो इथे मामा-भाची."

आपली भीती याला किती नेमकी कळते, असं तिला वाटून गेलं.

ऑस्बींनी रिव्हॉल्व्हर उजेडात फिरवलं. "अक्षरंसुद्धा पुसट केलीत! कुठल्या गाढवाने घासलं हे?"

"माझ्या भावाने. गाढव आहेच हो, काका, पण मायेपोटी केलं त्याने."

आत गंज आहे का बघायला त्यांनी मुठीचा स्क्रू काढला. लाकडाच्या आतल्या बाजूला भिंग लावलं. मग लोखंडाला लावलं. मग पुन्हा लाकडाला.

"कारखान्यात लाकडाच्या आत त्याच बंदुकीचा नंबर मारायचे, पोरी. हे लाकूड या बंदुकीचं नाही."

"असं कसं? हा खड्डा माझ्या बाबांनी पाडलाय."

"लाकूड बाबांचंच असेल."

ते सावकाश काचेच्या कपाटाकडे गेले आणि एक रिव्हॉल्व्हर घेऊन आले. मूठ स्वस्तातल्या रबराची. नळीचं टोक पांढरं पडलेलं. मार्लिसचा अंगठा आपोआप त्या उडालेल्या झिलईवर जाऊन बसला. ऑस्बींनी तळाचा नंबर तिच्यासमोर धरला, शेजारी लाकडाचा. आकडान् आकडा तोच.

"महिन्यापूर्वी घेतलं. तीन हजारांना. विकणारा म्हणत होता, वडिलांची आठवण आहे, पण बहिणीला काही कदर नाही."

खिडकीबाहेर ट्रकमध्ये व्हर्लिन टॅन्सीचा इवला हात धरून तिला आईला टाटा करायला शिकवत होता.